एकोणचाळीस पानं

१

बयाआजी टोप घेऊन पुढे आली तेव्हा जमिनीवर एकही पान उरलं नव्हतं.

आमच्या टेंभेवाडीत पेरणीआधी ग्रामदेवी काळकाईची राखण असते. राईत बोकड कापतात आणि घरटी एक असे वाटे पळसाच्या पानांवर मांडतात. वाटा केवढा, तर दोन घास. पोट भरायला तिथे कुणी येत नाही. पण पान मिळालं म्हणजे तुमचं घर गावकीत आहे. तुमच्या लग्नाला गाव उभा राहणार, छपराला हात लावणार आणि शेवटी खांदाही देणार. पान मिळालं नाही तर काय, हे आमच्याकडे कुणी तोंडाने बोलत नाही.

नावं पुकारतात जानूआबा. गावकीचा जुना जाणता माणूस, मला मिसरूड फुटलं नव्हतं तेव्हापासून तेच पुकारतात. दरवर्षी बोटांवर घरं मोजायचे आणि तोंडपाठ नावं घ्यायचे. यंदा गावच्या मुंबईतल्या मंडळाने सुधारणा केली. सेक्रेटरी विनीतने कॉम्प्युटरवर यादी केली, पोलादपुरात छापून आणली आणि कागद आबांच्या हातात दिला. आबा चष्मा नाकावर ओढून एकेक नाव वाचत होते. मध्येच त्यांना ठसका लागला. मीच तांब्या नेऊन दिला. घोटभर पाणी प्यायले, कागदाकडे पुन्हा बघितलं आणि पुढचं नाव घेतलं.

मी चांगू. पोलादपूर-कापडे-टेंभेवाडी अशी वडापची जीप चालवतो, सीट भरली की सुटणारी. दिवसभर बडबड करणारा माणूस, पण त्या दिवशी माझ्याही तोंडाला कुलूप लागलं.

"आबा, माजं पान?" बयाआजीने विचारलं.

"संपली."

"संपली म्हंजे?"

"कागदावर हुती तेवडी काढली." आबा तिच्याकडे न बघता आपल्या टोपावर झाकण ठेवत म्हणाले.

अख्खा गाव तिथे होता. कुणी झाडाकडे बघितलं, कुणी चपलेकडे. मी जीपच्या किल्लीकडे बघत राहिलो. आजीने रिकाम्या टोपावर पदर टाकला, भरलेला असावा तसा, आणि पायवाटेने खाली निघून गेली. लाज वाटली. सगळ्यांनाच वाटली असणार, पण लाजेला पाय फुटत नाहीत. एकजणही तिच्यामागे गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजी हंडा घेऊन निघाली. विहिरीवर बायका होत्या. त्यांना वळसा घालून ती खाली आटलेल्या ओढ्याकडे गेली आणि वाळूत हाताने झरा उकरू लागली.

गावाने वाळीत टाकलंय, असं तिने धरलं होतं.

२

आमच्या गावच्या पोलीस पाटील म्हणजे रूपालीवैनी. लग्नाआधी महाडला कॉम्प्युटरचे क्लास घ्यायच्या. माणूस बोलत असताना त्याच्या तोंडाकडे कमी आणि घराकडे जास्त बघायची त्यांना सवय.

"भावजी, मला जीप नको, तुम्ही हवेत," त्या म्हणाल्या. "एकटी गेले की लोक चहा देऊन वाटेला लावतात. तुमच्यासमोर भांडतात तरी."

"परकरन येवडं वाढलं काय वैनी?"

"बहिष्काराचा गुन्हा आहे. खरंच कुणी मुद्दाम वगळलं असेल तर मला पोलादपूर ठाण्याला कळवावं लागेल. आणि नसेल तर आजीला विहिरीवर परत आणावं लागेल. दुसरं जास्त कठीण आहे."

पहिला संशय साहजिकच आजीच्या नातवावर, मालोजीवर. त्याचं घर वर रस्त्यालगत, आजीचं खाली. नाव पुकारल्यावर तो आपलं पान घेऊन लगेच गेला होता. आजीचंही त्यानेच नेलं अशी कुजबुज सुरू झाली होती. ती त्याच्या कानावर गेलेली.

"माज्या आजीचा घास मी खाईन?" तो वैनींच्या अंगावर ओरडला. "कोण बोलला त्याचं नाव सांगा! मी दोघांची नावं दिली, तिचं पन नि माजं पन. माज्याच फोनवरनं. पुकारतील म्हनून मी निघालो. तितं थांबलो असतो तर..." तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. "आता ती माज्याकडचं पानी पन घेत नाय. म्हनते, माज्यामुळं तुज्या पोरांना कोन पोरी देनार?"

तिथून आम्ही जानूआबांकडे गेलो. आबांचं आणि बयाआजीचं बांधावरच्या फणसावरून जुनं वाकडं. त्यामुळे गावाने मनातल्या मनात निकाल लावून टाकला होता. आबा ओटीवर बसलेले. आवडीकाकी, म्हणजे त्यांची बायको, समोरच सुपात तांदूळ निवडत होती. मागच्या अंगाला कुकरची शिट्टी झाली. काकीने मान वर केली नाही.

"फणसासाठी मी देवीचं पान आडवीन?" आबा म्हणाले. "मी कागद वाचला. गेल्या साली एकोनचाळीस घरं, औंदा कागदावर एकोनचाळीस. मोजूनच पानं मांडली."

"पण आबा, आजीचं नाव तुम्हाला पाठ. कागदावर नसलं तरी तुमच्या लक्षात कसं नाही आलं?"

आबा चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसत बसले. काच केव्हाच स्वच्छ झाली होती.

"मुद्दामच केलं आसं लिव्हा," शेवटी ते म्हणाले. "कुटं सही करायची ती सांगा."

मी बघतच राहिलो. ज्या माणसाने उभ्या जन्मात कुणाचं ऐकून घेतलं नाही, तो न केलेला गुन्हा अंगावर घेत होता. की केलेला?

बाहेर पडल्यावर वैनी म्हणाल्या, "भावजी, पानं एकोणचाळीस, एकही उरलं नाही, आणि एक घर उपाशी. याचा हिशेब एकच निघतो. कुणीतरी दोन पानं नेली."

३

विनीत मारुतीच्या पारावर लॅपटॉप घेऊन बसला होता. वाडीत रेंज फक्त तिथेच येते, म्हणून मारुतीला आमच्याकडे तरुण भक्त फार. हा घाटकोपरला कुठल्याशा ऑफिसात हिशेब बघतो. आम्हाला बघून उठला तो उभाच राहिला.

"वैनी, पोलीस केस झाली तर माझा जॉब जाईल. मी प्रामाणिकपणे केलंय. चेक करा तुम्ही."

"बस. काय केलंस ते सांग."

त्याने ग्रुपवर फॉर्म टाकला होता. कर्त्याचं नाव, घरात माणसं किती, भरणाऱ्याचा फोन. झालं असं, की खूप घरांचा फॉर्म दोनदा आला. गावातल्या भावाने भरला, मुंबईतल्यानेही भरला. काहींनी बटण दोनदा दाबलं. म्हणजे शीटमध्ये रांगा जास्त, घरं कमी.

"मग मी कर्त्याच्या रकान्यावर फॉर्म्युला लावला," तो म्हणाला. "एकच नाव कितीदाही येऊ दे, तो एकदाच धरतो. उत्तर आलं एकोणचाळीस. आबांना विचारलं, गेल्या वर्षी किती? एकोणचाळीस. टॅली झालं. मी खूश."

"आडनाव?"

"सगळा गाव उतेकर. लिहून काय फायदा?"

"नावांच्या क्रमाने लाव सगळं. फॉर्म्युल्याच्या आधीचं."

त्याने लावलं. वैनींचं बोट रांगांवरून खाली सरकत गेलं आणि एका जागी थांबलं. एकाखाली एक दोन रांगा होत्या: मालोजी गणू, मालोजी गणू.

"ही डबल एंट्री," विनीत म्हणाला. "एकच नाव, एकच फोन. दोनदा दाबलंय."

"माणसांचा रकाना वाच."

"माणसं चार." तो थांबला. "माणसं एक."

वाडीबाहेरच्या माणसाला हे सांगावं लागेल. आमच्यात थोरल्या पोराला आजाचं नाव ठेवतात. गणूचा मालोजी, मालोजीचा गणू, पुन्हा गणूचा मालोजी. बयाआजीचा नवरा मालोजी गणू. तो जाऊन बरीच वर्षं झाली. पण विधवेचं घर गावकीत नवऱ्याच्याच नावाने चालतं, म्हणून ते अजून मालोजी गणूचं घर. तिचा नातूही मालोजी गणू. आबा पुकारताना 'वरला मालोजी', 'खालचा मालोजी' म्हणायचे. वरला-खालचा लिहायला फॉर्ममध्ये जागा नव्हती, आणि फॉर्म्युल्याला आजा काय नि नातू काय, एकच माणूस.

विनीतने लॅपटॉप मिटला आणि तोंड दोन्ही हातांत धरलं. "मी याच वाडीतला आहे, वैनी. मला कळायला हवं होतं. मी लहानपणी तिच्याकडे काकड्या खाल्ल्यात."

मला मात्र हायसं वाटलं. मुद्दाम कुणी केलंच नव्हतं! यंत्राची चूक, माणसं सुटली. मी उडी मारून उठलो. "चला वैनी, आजीला सांगू!"

"बसा, भावजी." त्यांनी लॅपटॉप पुन्हा उघडायला लावला. "एक घर गळलं, तर आकडा अडतीस यायला हवा होता. अडतीस आला असता तर आबांनी तिथेच कागद फाडला असता. मग तो एकोणचाळीस कसा आला?"

मी बसलो.

"एक घर गळलं आणि त्याच वेळी एक वाढलं," वैनी म्हणाल्या. "म्हणून चूक दिसली नाही. वाढलेलं घर कुणाचं?"

त्यांनी छापील कागद मागितला आणि एकेक नाव वाचत गेल्या. एका नावावर थांबल्या. मग कागदाची घडी केली.

"भावजी, त्या दिवशी आबांना ठसका लागला, तेव्हा आधीचं नाव कुठलं घेतलं होतं?"

४

मला नाव आठवलं. रामा विठू. कारण रामा पान घेऊन मागे वळला आणि माझ्या हातातल्या तांब्याला धडकला.

वैनींनी घडी उघडून मला दाखवली. रामा विठूच्या खाली एक नाव होतं, जे त्या दिवशी मी ऐकलं नव्हतं. कुणीच ऐकलं नव्हतं.

रितेश जानू.

आबांचा एकुलता एक मुलगा. महाडच्या एमआयडीसीत कामाला, राखणीच्या दिवशी ड्युटीवर होता.

"आता मला सांगा," वैनींनी विचारलं, "त्यांच्या घरी तुम्ही अलीकडे काय सामान पोचवलंत?"

तेव्हा माझी ट्यूब पेटली. रितेशची बायको सलोनी पोलादपूरहून नवी शेगडी, तवा, पोळपाट घेऊन माझ्या जीपमध्ये बसली होती. माहेरी द्यायचंय, म्हणाली. तिचं माहेर उमरठच्या बाजूला, आणि ती सामान घेऊन उतरली टेंभेवाडीत! मी भाडं घेतलं आणि विसरलो. तशीच ती कुकरची शिट्टी. तांदूळ अजून आवडीकाकीच्या सुपात होते, मग मागे शिजत काय होतं?

एका छपराखाली दोन चुली झाल्या होत्या.

यात गुन्हा कसला, असं कुणी म्हणेल. चुली कुठे वेगळ्या होत नाहीत? पण आमच्यात रीत आहे. पोरगा वेगळा झाला की बापाने स्वतः गावकीत उभं राहायचं, काळकाईपुढे नारळ ठेवायचा आणि सांगायचं, माझ्या घराची दोन घरं झाली. मग नव्या घराला पान मिळतं. आणि असा नारळ घेऊन जो जो बाप उभा राहिला, त्याला आबांनी सुनावलं होतं. "पोरं सांबाळता येत नायत, नि मिश्या कशाला ठेवता?" माझ्या बापालाही सुनावलं होतं. घरी येऊन तो जेवला नव्हता.

आम्ही परत गेलो तेव्हा आबा ओटीवर तसेच बसले होते. वैनींनी आवाज अगदी खाली आणला.

"आबा, नाव पुकारलं नाही तर पान जमिनीवर उरायला हवं होतं. उरलं नाही. तुमच्या टोपात दोन पानं होती."

आबांनी आत बघितलं. आवडीकाकी दारात उभी होती. ती म्हणाली, "सांगा आता. मी नाय सांगनार."

"पोरानं मला न इचारता फारम भरला," आबा बोलू लागले. "वाचता वाचता त्येचं नाव समोर आलं. रितेश जानू. छापलेलं! सगळा गाव समोर. ज्याला ज्याला मी बोललो ते सगळे बाप समोर. नाव गिळलं. पान उचलून टोपात टाकलं. त्येच्यापुडं मला कायच दिसेना. बयाचं नाव आलं काय नि नाय काय, ध्यानातच ऱ्हायलं नाय."

"पण ती समोर येऊन उभी राहिली, तेव्हा?"

मला ते झाकण आठवलं. आजी रिकामा टोप घेऊन समोर, आणि हा माणूस दोन पानांवर झाकण ठेवत होता. एक काढून द्यायचं, एवढंच होतं. पण मग ते कुठून आलं, हे सांगावं लागलं असतं.

"मला ठान्यावर न्या," आबा म्हणाले. "लोक म्हनतील जानूनं दुश्मनी केली. म्हनू देत. पन त्ये नाव गावात घेऊ नका, पाटीलबाय. पाया पडतो."

त्यांनी खरंच हात पुढे केले. वैनी झटकन मागे सरकल्या. मी उंबऱ्याकडे बघत होतो. मला त्यांचा राग यायला हवा होता. माझ्या बापाचा वचपा निघत होता. पण राग येईना, नुसतंच कसंतरी होत राहिलं.

"तुमची लाज झाकायला तुम्ही ती तिच्या टोपात घातलीत," वैनी म्हणाल्या. "चाकरमानी मुंबईला परत जायच्या आधी गावकी राईत पुन्हा बसेल. मी एक शब्द बोलणार नाही. नारळ आणायचा की नाही, तुम्ही ठरवा."

५

राईत गाव जमला. मंडळाने कोंबडे आणले होते. जमिनीवर चाळीस पानं मांडली. विनीतने उभं राहून आपली चूक सांगितली, वरला-खालचा सगळं सांगितलं, आणि रडला. मालोजीने त्याला पाठीवर थापटून खाली बसवलं. पण चाळिसावं पान कुणाचं, हे अजून कुणाला ठाऊक नव्हतं. लोक मोजत होते, पुन्हा मोजत होते. आबांचा पत्ता नव्हता.

बयाआजी यायला तयार नव्हती. मी तीनदा जाऊन आलो. शेवटी आली, पण बसली लांब, वाटेवर, टोप पदराखाली धरून.

सगळे कंटाळले तेव्हा आबा आले. डोक्याला मुंडासं नव्हतं. हातात नारळ होता.

त्यांनी तो देवीपुढे ठेवला आणि गावाकडे वळले. "माज्या घराची दोन घरं झाली," ते म्हणाले. "लय दिस झाले. मी लपीवलं. बयाचं पान माज्या टोपात हुतं. समोर हुबी हुती ती, नि मी झाकान घातलं."

आता कुणीतरी बोलेल, असं मला वाटलं. किती जणांची तोंडं शिवशिवत असतील! पण कुणी बोललं नाही. एका माणसाला इतकं लाजलेलं बघून बघणाऱ्यांनाच खाली बघावं लागलं. आणि त्या दिवशी आपणही चपलांकडेच बघत होतो, हेही आठवत असावं.

विनीत कागद घेऊन आजीकडे गेला. "आजी, तुझ्या घरापुढे काय लिहू? खालचा मालोजी?"

आजी कागदाकडे बघत राहिली. तिला वाचता येत नाही.

"त्ये गेले," ती म्हणाली. "चूल मी पेटवते. माजं नाव लिव. बया."

विधवेच्या घराला बाईचं नाव आमच्या गावकीत कधी लागलं नव्हतं. विनीतने आबांकडे बघितलं. आबा म्हणाले, "लिव."

मग आबांनी पुकारायला सुरुवात केली. चष्मा लावला नाही, कागद बघितला नाही, सगळी नावं तोंडपाठ. पहिलंच नाव घेतलं, "बयाबाय!" आजी उठली, सगळ्या गावामधून चालत पुढे आली. आबांनी पान दोन्ही हातांनी तिच्या टोपात ठेवलं. ती जागेवर परत गेली नाही, तिथेच पानांजवळ उभी राहिली. एकेक घर येऊन गेलं. शेवटी दोन पानं उरली. एक आबांचं स्वतःचं.

"रितेश जानू," आबा म्हणाले.

कुणी उठेना. रितेश मागे झाडाला टेकून बसला होता, मान गुडघ्यांत. त्याच्या बाजूला सलोनी, पदर तोंडाला लावून. बापाचा नारळ त्याने बघितला होता, आणि आता त्यालाही वर बघवत नव्हतं.

"रितेश जानू," आबांनी पुन्हा पुकारलं. या वेळी आवाज फुटला.

बयाआजी वळली.

"उट रं पोरा," ती म्हणाली. "नाव घेतल्यावर उटायचं आसतं. ज्येचं घेत नायत त्येला इचार."

रितेश उठला.